बेसबॉलमंदी अमेरिकन लीगचा एमव्हीपी जजले भेटला ते बरोबर का रालीवर अन्याय? निकाल लावून द्या राजेहो

दारव्ह्याचा_शॉर्टस्टॉप:
राजेहो, एक निकाल लावून द्या. तसा निकाल तर कधीचाच लागला म्हणा, १३ नोव्हेंबर २०२५ ले अ‍ॅरन जजले अमेरिकन लीगचा (तिकडच्या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूचा मान, देऊन टाकला, पण आमच्या इथं अजून प्रॅक्टिस सुटली का पाण्याच्या टाकीखाली ह्याच्यावरूनच कल्ला सुरू होते. अर्धे पोट्टे म्हणते बरोबर झालं, अर्धे म्हणते कॅल रालीवर सरळ सरळ अन्याय हाये. एक जण तर दोन दिवस माझ्यासंग बोलला नाही.

ज्यायनं सीझन पाहिला नाही त्यायच्यासाठी सांगतो. जज न्यूयॉर्क यांकीजचा, राईट फिल्ड खेळते, उंची सहा फूट सात इंच. २०२५ मंदी त्याचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३३१ (हजारात ३३१ खेपा हिट), दोन्ही लीग धरून एक नंबर, ५३ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा, बॉल सरळ मैदानाबाहेर), ११४ आरबीआय (त्याच्या बॅटमुळं आलेले रन). राली सिअ‍ॅटल मरिनर्सचा कॅचर, आपल्या विकेटकीपरसारखा. ६० होमरन, १२५ आरबीआय, पण अ‍ॅव्हरेज .२४७. आता कॅचरनं ६० मारणं म्हणजे काय ते पाहा, ह्याच्याआधी कॅचरचा रेकॉर्ड साल्वाडोर पेरेझचा होता, २०२१ चा, ४८. बारानं तोडला लेकानं. अमेरिकन लीगमंदी साठच्या घरात आधी फक्त बेब रूथ, रॉजर मॅरिस अन् खुद्द जज, बस.

मी जजवाला हावो पण रालीवाल्याइले उत्तर देता येत नाही मले नीट. अन् दुसरी गोष्ट म्हणजे जानेवारीत आपल्या तालुक्याची टूर्नामेंट हाये, प्लेअर ऑफ द टूर्नामेंटले एका कृषी केंद्रवाल्यानं सायकल ठेवली हाये, मागच्या साली ह्याच बक्षिसावरून लय राडा झाला होता, तर माणूस निवडाचा कसा तेही सांगजा.

कपाशीवाला:
जज. ह्याच्यात विचाराचं काय हाये बे?

अ‍ॅव्हरेज सोड, बेसवर किती वेळा पोचला ते पाहा. .४५७. म्हणजे शंभर खेपा बॅट घेऊन उभा राहिला तर शेहेचाळीस खेपा आऊट न होता बेसवर. रालीचं तेच .३५९, छत्तीस खेपा. तिकडच्या मॅचमंदी एका टीमले सत्तावीस आऊट भेटते, तेवढेच, अन् जो ते कमी खर्च करते तो खरा बॅट्समन, होमरन तर दिसाले भारी दिसते म्हणून सगळे त्याच्यावरच बोलते. बरं होमरनमंदी तरी फरक किती? सात. त्या सातच्या बदल्यात जजच्या बाकीच्या हिट मोजा, दोनबेसी मोजा, वॉक (चार बॉल बाहेर गेले का फुकट बेस) मोजा. स्लगिंग (दर खेपेमागं हिटनं किती बेस कमावले) .६८८, रालीचं .५८९. अन् समोरच्या टीमा त्याले इतक्या भेत होत्या का ३६ खेपा त्याले मुद्दाम वॉक देला, बॉल खेळूच नाही देला. ज्याले बॉलच टाकत नाही त्याले एमव्हीपी नाही तं कोणाले द्याचा?

मास्क_अन्_पॅड:
कपाशीवाले भाऊ, तुम्ही कधी कॅचिंग केली हाये काय? आधी ते सांगा, मग पुढं बोलू.

मी करतो. आमच्या टीममंदी कोणीच तयार होत नाही म्हणून मी करतो. जो नवा पोट्टा येते तो पिचर (बॉल टाकणारा) व्हतो म्हणते नाहीतर शॉर्ट मागते, कॅचरचं नाव काढलं का त्याले घरी काम आठवते. एप्रिलच्या उन्हात चेस्ट गार्ड, शिन गार्ड, मास्क असं सगळं चढवून सात इनिंग उकिडवं बसून पाहा. मी दुपट्टा ओला करून मास्कच्या खाली डोक्याले गुंडाळतो, तिसऱ्या इनिंगले तो कोरडा खडखडीत असते. डाव्या हाताचा अंगठा सीझन संपेपर्यंत सुजलेलाच, घरी ताट धरता येत नाही, माय म्हणते सोड हे भिकारचाळे. उजव्या हाताच्या नखाले व्हाईटनर लावतो मी, कारण संध्याकाळच्या मॅचले पिचरले माझे बोटं दिसत नाही अन् मी कर्व्ह मागतो तं हा फास्ट टाकते, मग तो बॉल माझ्या छातीवर नाहीतर अंपायरच्या अंगावर. (तिकडं आता बोटं दाखवत नाही म्हणा, २०२२ पासून पिचकॉम आलं, बटण दाबलं का पिचरच्या टोपीत आवाज जाते. आपल्या इकडं व्हाईटनर जिंदाबाद.) अन् रनर दुसऱ्या बेसले पळाला का उकिडव्याचं उभं होऊन १२७ फूट थ्रो माराचा, बॅट्समन समोर आडवा उभा असतानी.

हे सगळं करून, दर पिचले पिचरसाठी डोकं लावून, अंपायरच्या शिव्या ऐकून, मग माणसानं बॅट हाती घ्याची अन् ६० होमरन माराचे. १५९ मॅच खेळला राली. १६२ पैकी १५९! त्यातल्या चाळीसेक मॅच डीएच (नुसती बॅटिंग, फिल्डिंग नाही) म्हणून होत्या, मान्य, पण त्याचा अर्थ असा का ज्या दिवशी बाकीचे कॅचर पाय लांब करून बसते त्या दिवशीही हा बॅट घेऊन हाजीर. अन् डावा-उजवा दोन्ही बाजूनं मारते. स्विच हिटरचा रेकॉर्ड मिकी मँटलचा होता १९६१ चा, ५४, तोही ह्यानं मोडला. केन ग्रिफीचा ५६ चा सिअ‍ॅटलचा रेकॉर्डही मोडला. आदल्या साली प्लॅटिनम ग्लोव्ह (लीगमधल्या सगळ्यात भारी फिल्डरचं बक्षीस) ह्याच्याच नावावर, म्हणजे नुसता बॅटिंगवाला कॅचर नोहे हा.

२०१२ मंदी बस्टर पोझीले भेटला होता, तेव्हापासून एकाही कॅचरले एमव्हीपी नाही. ह्या सालीही नाही द्याचा तं कधी द्याचा मंग?

रात्रीची_लाईन:
मी दोघायच्याही मॅच पाहिल्या पुष्कळ, कारण आमच्या फिडरले थ्री-फेज रात्रीचीच असते अन् एप्रिल-मे मध्ये उन्हाळी भुईमुगाले पाणी देतानी दुसरं करणार काय, मोटरपाशी बाज टाकून मोबाईल पाहाचा. यांकीजची घरची मॅच आपल्याकडं पहाटे साडेचारले लागते, ते पाहून होते. सिअ‍ॅटलची घरची मॅच सुरू व्हाले सकाळचे सव्वासात-पावणेआठ वाजते, तोपर्यंत लाईन गेलेली असते अन् मी बैल सोडाले गेलेलो असतो.

तर माझा मुद्दा असा का जे आपलं झालं तेच तिकडच्या पेपरवाल्याचं झालं. सिअ‍ॅटलची मॅच न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्री पावणेदहा-सव्वादहाले सुरू होते. म्हातारे पत्रकार झोपून जाते राव! जजचे होमरन सगळ्यायनं पाहिले, रालीचे सकाळी उठून हायलाईटमंदी पाहिले. अजून एक, जुलैच्या शेवटी जजचं कोपर दुखावलं, काही दिवस बाहेर होता, वापस आला तं नुसता डीएच, सप्टेंबर लागेपर्यंत फिल्डिंगच नाही. कॅचरनं असं केलं असतं तं लोकायनं काय म्हटलं असतं?

निवृत्त_पीटी_मास्तर:
मंडळी, जरा आधी मतदान कसं होतं ते समजून घ्या, नाहीतर टाकीखाली नुसतीच ओरड होत राहील.

हा पुरस्कार बेसबॉलच्या लेखकांची संघटना देते, १९३१ पासून. अमेरिकन लीगमध्ये पंधरा संघ, प्रत्येक संघाच्या शहरातले दोन लेखक, झाले तीस मतदार. यांकीजकडचे त्यात दोनच, तेवढेच सिअ‍ॅटलकडचे, म्हणजे रात्रीची लाईन, तुझा झोपेचा मुद्दा मजेशीर आहे पण ह्युस्टन, टेक्सास, लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटो इथल्या लोकांना सिअ‍ॅटलची मॅच पाहायला कसली जागरणं करावी लागतात? प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर मुद्दाम मोठं ठेवलंय.

आता गणित करा. जजला पहिली मतं १७, रालीला १३. सतरा चोक... म्हणजे १७ गुणिले १४ झाले २३८, उरलेल्या तेरा जणांनी जजला दुसरा टाकला, १३ गुणिले ९ म्हणजे ११७, एकूण ३५५. रालीचे १३ गुणिले १४ म्हणजे १८२ आणि १७ गुणिले ९ म्हणजे १५३, एकूण ३३५. बेरीज पक्की बसते, याचा अर्थ तीसपैकी एकानेही या दोघांच्या मध्ये किंवा वर तिसरं नाव घातलं नाही. याला पक्षपात म्हणत नाहीत. आणि गंमत म्हणजे २०१९ मध्ये माईक ट्राऊट आणि ॲलेक्स ब्रेगमन यांचेही नेमके ३५५ आणि ३३५ च होते.

खरा अन्याय पाहायचा तर १९४७ बघा. टेड विल्यम्सने ट्रिपल क्राऊन घेतला, .३४३, ३२ होमरन, ११४ आरबीआय, तिन्हीत पहिला, आणि पुरस्कार गेला जो डिमॅजिओला. २०२ विरुद्ध २०१. एका गुणाने! डिमॅजिओचं त्या साली .३१५, २० होमरन. १९४२ लाही विल्यम्सने ट्रिपल क्राऊन घेतला होता आणि तेव्हा जो गॉर्डनला दिला. दोन्ही वेळा जिंकणारे यांकीजचे, हे तुमच्या रालीवाल्यांना सांगू नका, आणखी चेकाळतील.

मतपत्रिकेवर स्पष्ट लिहिलेलं असतं की एमव्हीपीची ठरलेली व्याख्या नाही, मतदाराने स्वतः ठरवायचं, आणि खेळाडू जिंकणाऱ्या संघाचाच पाहिजे असंही नाही. १९८७ ला आंद्रे डॉसनला मिळाला तेव्हा त्याचा संघ शिकागो कब्ज आपल्या गटात तळाला होता.

मास्क_अन्_पॅड:
सर, गणित पटलं. पण तुम्हीच सांगता का मतदारानं स्वतः ठरवाचं, मंग सतरा जणायनं कॅचरची मेहनत झिरो धरली असं मी म्हणीन तं काय चुकलं? मरिनर्स २००१ नंतर पहिल्यांदा आपला गट जिंकले. २००१! राली तेव्हा चार वर्षाचा पोट्टा होता.

चांदूरची_सॉफ्टबॉलवाली:
झिरो कुठं धरली दादा? हेच मला खटकतं, दोन्हीकडचे नुसते भावनेवर बोलून राहिले.

वॉर नावाचा एक आकडा काढतात, बॅटिंग, पळणं, फिल्डिंग सगळं एकाच मापात आणून एका साध्या बदली खेळाडूपेक्षा हा माणूस टीमला किती मॅच जास्त जिंकून देतो ते त्यातून दिसतं. त्यात कोण कुठं उभा राहतो याचे मार्क वेगळे असतात आणि कॅचरला सगळ्यात जास्त मिळतात, डीएचचे तर उलटे कापतात. म्हणजे तुमचा घाम, तुमचा अंगठा, हे सगळं त्या हिशोबात आधीच आलेलं आहे, ते पुन्हा वरून मागायचं म्हणजे एकाच कापसाचे दोनदा पैसे घेतल्यासारखं झालं.

हा आकडा दोन वेबसाईट काढतात, फॅनग्राफ्स आणि बेसबॉल रेफरन्स. आता फॅनग्राफ्सचा हिशोब बघा, जज १०.१ आणि राली ९.१. एकाचाच फरक. बेसबॉल रेफरन्सचा हिशोब बघितला तर तोच फरक दोनाच्या वर जातो. का? तर फॅनग्राफ्स फ्रेमिंग धरतं, दुसरा धरत नाही. फ्रेमिंग म्हणजे कडेचा बॉल कॅचर असा अलगद घेतो की अंपायर स्ट्राईक (पिचरच्या फायद्याचा निकाल) देतो. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये मी सेकंड बेसला असते, तिथून कॅचरचा हात समोरून दिसतो, एक जण बॉल घेताना ग्लोव्ह खाली पडू देते आणि तोच बॉल दुसरी घेते तेव्हा ग्लोव्ह जागचा हालत नाही, मनगट तेवढं किंचित आत येतं. अंपायर पहिलीला बॉल देतो, दुसरीला स्ट्राईक. दिवसाला असे पाच-सात मिळाले तर पिचरचं आयुष्य बदलतं. म्हणून मी फ्रेमिंग धरणारा हिशोब मानते, आणि त्यातही जज पुढंच आहे. थोडा, पण पुढं.

रालीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कोणीच बोललं नाही. सिअ‍ॅटलचं मैदान बॅटिंगला मेजर लीगमधल्या सगळ्यात अवघड मैदानांपैकी एक आहे, समुद्राकाठची थंड हवा, बॉल जातच नाही. तिथं घरच्या अर्ध्या मॅच खेळून ६० म्हणजे दुसरीकडं किती झाले असते कोण जाणे. पण वॉरमध्ये मैदानाचाही हिशोब असतो म्हणून मी माझं मत बदलत नाही.

मास्क_अन्_पॅड:
ताई तुमचं सगळं मान्य, फ्रेमिंगचं तं एकदम बराबर सांगतलं. पण पिचर बिथरला का टाईम घेऊन त्याच्यापाशी जाणं, समोरच्या बॅट्समनले मागच्या खेपी काय टाकलं होतं ते ध्यानात ठेवून ह्या खेपी काय मागाचं, हे त्या आकड्यात कुठी हाये? नाही ना. मंग माझा तो एकाचा फरक तिथंच भरून निघते.

चांदूरची_सॉफ्टबॉलवाली:
हे मात्र खरं, ते मोजता येत नाही अजून नीट. पण जे मोजता येत नाही ते तुमच्या बाजूचं बरोबर एकच निघतं हे तुम्ही कसं मोजलं 😄

जामठ्याचा_प्रेक्षक:
मी बेसबॉल पाहत नाही, पोरगा पाहते म्हणून वाचून राहिलो. पण हे भांडण आपल्या घरचंच हाये ना. २०२४-२५ ची रणजी आठवा. यश राठोडनं त्या सीझनले सगळ्यात जास्त रन केले, ९६०. हर्ष दुबेनं ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका सीझनचा रेकॉर्ड, आशुतोष अमनचा ६८ चा होता. दोघंही आपल्या विदर्भाचेच. प्लेअर ऑफ द टूर्नामेंट हर्षले देला. कोणी भांडलं काय? नाही, कारण हर्षनं खालून येऊन रनही गंज केले होते. दोन कामं करणाऱ्याले जास्त मोजलं. त्या हिशोबानं मले तुमचा कॅचर पटते.

अन् कीपर-कॅप्टन अक्षय वाडकर, त्याचं नाव तं ह्या यादीत कोणी काढतही नाही. कप त्यानंच उचलला म्हणून बरं.

कपाशीवाला:
काका, रणजीत ६९ विकेट रेकॉर्ड होता म्हणून देला. रालीचाही रेकॉर्ड हाये पण जजचा सीझन जुन्या लोकायच्या लाईनीत जाऊन बसते, ते वेगळं. अन् तिकडं शोहेई ओहतानीले पाहा, तो पिचिंगही करते अन् बॅटिंगही, २०२५ ले नॅशनल लीगचा एमव्हीपी झाला, चौथा, चारही एकमतानं. २०२४ ले तं हाताच्या ऑपरेशनमुळं पिचिंग केलीच नव्हती, नुसता डीएच, ५४ होमरन अन् ५९ बेस चोरले, तरीही एकमतानं. म्हणजे दोन कामाचा नियम तिकडं नाही चालत, बॅट बोलली पाहिजे.

रात्रीची_लाईन:
अन् प्लेऑफ? जजवर कायम बोंब असते का मोठ्या मॅचले गळपटते म्हणून, ह्या खेपी २६ पैकी १३ हिट मारल्या त्यानं, .५००, पण यांकीज टोरंटोकडून हरले. राली तं सातव्या मॅचपर्यंत गेला टोरंटोसंग, एक रननं वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, हुकली. मॅच संपली तं मी मोबाईल बाजीवर आपटला.

निवृत्त_पीटी_मास्तर:
प्लेऑफ धरतच नाहीत. मतपत्रिका नियमित सीझन संपल्याबरोबर, प्लेऑफचा पहिला बॉल पडायच्या आधी जमा होतात, निकाल फक्त नोव्हेंबरमध्ये सांगतात.

माझं मत विचाराल तर जज, पण मी मतदार असतो तर रालीला दिलं असतं असं म्हणणाऱ्या तेरा जणांशी मी वाद घातला नसता. पस्तीस वर्षं शाळेत पोरं खेळवली, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर कितीदा टीम घेऊन गेलो, एवढं सांगतो की बॅटिंग करणारं पोरगं दरवर्षी सापडतं, कॅचर सापडत नाही.

दारव्ह्याचा_शॉर्टस्टॉप:
सर, म्हणजे सतरा-तेरा इथंही तेच झालं म्हणा. बरं आता सायकलचं सांगा. मागच्या साली फायनल जिंकलेल्या टीमच्या पोट्ट्याले देली होती, त्यानं फायनलले दोन होमरन मारले म्हणून, आधीच्या तीन मॅच मिळून एक हिट होती त्याची. हरलेल्या टीमवाल्यायनं मंडप डोक्यावर घेतला.

निवृत्त_पीटी_मास्तर:
तेच करा जे ते करतात, लहान करून. दोन अंपायर, एक स्कोअरर आणि प्रत्येक टीमचा कॅप्टन, एवढ्यांनी मत द्यायचं. कॅप्टनने स्वतःच्या टीमचं नाव पहिल्या नंबरावर लिहायचं नाही. तीनच नावं पुरे, गुण ५, ३, १. आणि चिठ्ठ्या सेमीफायनल संपल्या की लगेच गोळा करा, फायनलच्या आधी, डबा बंद करून सरपंचांच्या टेबलावर ठेवा, म्हणजे फायनलच्या दोन होमरनवर निकाल फिरणार नाही.

एक महत्त्वाचं. स्कोअरबुकात कॅचरसाठी वेगळा रकाना करा, किती रनर चोरीत आऊट केले, किती सुटले, पासबॉल (कॅचरच्या चुकीनं हातून सुटलेले बॉल) किती. आपल्याकडं नुसते रन आणि होमरन लिहितात, मग कॅचरने सात इनिंग काय केलं ते मत देणाऱ्याला कळणार कुठून?

मास्क_अन्_पॅड:
सर, तुमच्या तोंडात साखर पडो. पण पासबॉल लिहाले ढंगाचा माणूस बसवा, आमचा स्कोअरर पिचरचा चुलतभाऊ हाये, पिचरनं जमिनीत गाडलेला बॉलही तो माह्याच नावावर लिहिते.

चांदूरची_सॉफ्टबॉलवाली:
मी येते स्कोअर लिहायला. जमिनीला टप्पा पडून आलेला बॉल वाईल्ड पिच, पिचरच्या नावावर, त्यात चुलतभावाचं चालणार नाही. जेवणाचं अन् परत चांदूरपर्यंत सोडायचं तेवढं बघा.